ज्येष्ठांनी आधी जेवून घ्यावं

माझा धाकटा भाऊ फार मोठा गिटारवादक आहे, ही बातमी मला इथल्या, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी फोन करून दिली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि तो छप्पन्न.

"काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत! ही इज व्हेरी इन्फ्लुएन्शियल, यू नो," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्ष पंचेचाळिशीचे, मूळचे पुण्याचे, कुठल्याशा कंपनीत डायरेक्टर. मला काकू म्हणण्याइतके ते लहान नाहीत, पण आमच्या मंडळात कमिटीवर नसलेली प्रत्येक बाई काकू असते. मी वीस वर्षं कार्यक्रमांचं निवेदन करते, म्हणून मी माइकवाल्या काकू.

झालं होतं ते असं. जगभर नाव असलेल्या एका बँडच्या गिटारवादकाला मुलाखतीत कोणीतरी विचारलं, तुझा हा उजवा हात आला कुठून? तो म्हणाला, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एका बारमध्ये दर रविवारी दुपारी एक इंडियन माणूस वाजवतो, त्याच्याकडून चोरला. ही दीड मिनिटाची क्लिप मंडळाच्या ग्रुपवर फिरली. खाली टाळ्यांचे आणि झेंड्यांचे ढीग पडले. ज्या माणसाला मंडळाने आजवर तिळगुळालासुद्धा बोलावलं नव्हतं, तो एका दिवसात 'आपला माणूस' झाला.

मंडळ त्याला ओळखत नव्हतं असं मात्र समजू नका. अर्धं मंडळ त्याच्याकडे गाडी शिकलं होतं. सोमवार ते शुक्रवार माझा भाऊ ड्रायव्हिंग शिकवायचा. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि एडिसनच्या अपार्टमेंटात दिवसभर अडकून पडलेल्या बायकांना तो ओक ट्री रोडच्या मागच्या गल्ल्यांतून फिरवायचा, पॅरलल पार्किंग शिकवायचा, आणि रोड टेस्टच्या दिवशी धीर द्यायला बरोबर जायचा. अध्यक्षांची बायको दोनदा नापास होऊन त्याच्याच गाडीत तिसऱ्यांदा पास झाली. ह्या सगळ्या बायकांनी तो हात तासन्‌तास पाहिला होता. एकीने मला बाजूला घेऊन विचारलंही होतं, "तुमचे भाऊ एकाच हाताची नखं वाढवतात, काही नवस आहे का हो?" आमच्या लोकांची संगीताची समज ही एवढी.

मीही काही मोठी रसिक लागून गेले नाही. तो बार मी दोनदा पाहिला. जमिनीला चप्पल चिकटते, बाथरूमचं दार लागत नाही, आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या शेंड्या बांधलेले पोट सुटलेले गोरे फोन वर धरून उभे असतात. तेही ह्याचा चेहरा घेत नाहीत, फक्त उजवा हात घेतात. घरी जाऊन तो हात हळू करून बघतात आणि मग आपापल्या गावात जाऊन तसंच वाजवतात. ह्याला म्हणे इन्फ्लुएन्स म्हणतात. मी फार्मसिस्ट आहे. आमच्याकडे दुसऱ्याचा फॉर्म्युला उचलला तर वकील लागतात.

सत्काराच्या निवेदनात हे संगीत काय आहे ते सांगायला हवं, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला नीट विचारलं, पब रॉक म्हणजे काय रे?

"ताई, स्मॉल रूम, स्मॉल अँप, थ्री पीपल. गाणं तीन मिनिटांत फिनिश. लोक बिअर आणायला उठायच्या आत."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण तेवढंच करायचं."

अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. इतर लोक गिटारच्या तारा प्लास्टिकच्या टिकलीने छेडतात, तिला पिक म्हणतात. हा नखांनी वाजवतो. अंगठा ठेका धरतो आणि बोटं मधल्यामधे सूर ओरबाडून घेतात. दोन गिटारवाल्यांचं काम एका हातात होतं, म्हणून दुसरा गिटारवाला त्याने कधी ठेवला नाही. एका पॉडकास्टवाल्याने त्याला विचारलं होतं, हे तबल्यातून आलं का? प्राचीन भारतीय लयीतून? गोऱ्या माणसाला आमच्यात काही बरं दिसलं की त्याला ते प्राचीनच हवं असतं. भाऊ म्हणाला, "नो. माझ्या बहिणीमुळे आलं."

ते खरं होतं. तो चौदा वर्षांचा असताना त्याचं एकुलतं एक पिक हरवलं. वाद्यांचं दुकान गाडीने दहा मिनिटांवर. लायसन्स माझ्याकडे, गाडी दारात. तो रोज विचारायचा आणि मी रोज म्हणायचे, अभ्यास आहे. अभ्यास नव्हता. त्याला पुढच्या सीटवर बसवून गावातून जायची मला लाज वाटायची, कारण केस वाढवलेले आणि पँट फाटलेली. महिनाभराने त्याने विचारणं सोडलं आणि नखं वाढवली. जगातले कोण कोण गिटारवाले आज माझ्या त्या खोटेपणावर पोट भरतायत, देव जाणे.

बाकी त्याचं करिअर मी तुम्हाला दोन मिनिटांत सांगते. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. त्या दिवशी बाबा म्हणाले, "ते ह्या घरात वाजणार नाही." पंचविसाव्या वर्षी त्याला रविवारचा बार मिळाला, दुपारी चार ते सहा, आणि एकतीस वर्षं तो तिथेच राहिला. दोन रेकॉर्ड निघाल्या, कोणी घेतल्या नाहीत. एका मोठ्या बँडने वर्षभराच्या टूरवर बोलावलं, पण दुसरा एक गिटारवाला असेल आणि ह्याने जरा मागे उभं राहावं, अशी अट घातली. हा नाही म्हणाला. मोठ्या स्टेजवर मागे उभं राहण्यापेक्षा चिकट जमिनीवर पुढे उभं राहणं त्याला बरं वाटलं. मी त्याला तेव्हा मूर्ख म्हटलं होतं. अजून शब्द मागे घेतलेला नाही.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. माझ्याकडे राहते, घर बाबांचंच, आता माझ्या नावावर; बाहेर जायचं तर व्हीलचेअर लागते. तिने मुलाला कधीच वाजवताना पाहिलं नव्हतं. दारू मिळते त्या जागी ती पाय ठेवत नाही. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, पण भावाने घरात गिटार काढली नाही ती नाहीच. बाप मेला तरी ह्याचा हट्ट जिवंत. मी एकदा त्याची रेकॉर्ड लावली तर आई म्हणाली, "बंद कर. डब्यातून कोणीही वाजवतं. कॉलेज सोडून हा जे करतो ते मला डोळ्यांनी बघायचंय." हे ती माझ्याजवळ बोलायची. त्याच्याजवळ बोलायची नाही. आमच्या घरात ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत बोलणं कधी पोचत नाही.

त्या उन्हाळ्यात तो माझ्या फार्मसीत एका महिन्यात तिसऱ्यांदा आला. दुखण्यावरचं जेल काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, स्ट्राँगर काही आहे?"

मी त्याचा हात हातात घेतला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी गाठ आलेली होती. दाबल्यावर त्याने डोळे मिटले. सांधा झिजून गेला होता. सर्जनने ऑक्टोबरची तारीख दिली होती, बुडातलं छोटं हाड काढून टाकायचं होतं.

"मग वाजवता येईल का?"

"स्टिअरिंग धरता येईल म्हणाले. गिटारचं मी विचारलं नाही."

आताही वीस मिनिटांनंतर अंगठा अडकायचा. बारमध्ये तो वीस मिनिटं वाजवून बर्फात हात घालून बसायचा. मी त्याला गोळ्या दिल्या, पोटाची काळजी घे म्हटलं, आणि हसण्यावारी न्यायचं म्हणून सत्काराचं सांगितलं. गणेशोत्सवात मंडळ तुला शाल-श्रीफळ देणार आहे, म्हटलं. तो खो खो हसेल असं मला वाटलं होतं.

तो म्हणाला, "आई येईल ना तिकडे?"

मंडळाचा गणपती हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये बसतो. शाळेत दारू नाही, आणि गणपतीला आई येतेच.

"ट्वेंटी मिनिट्स, ताई. माझे दोन माणसं, माझा अँप. बाकी काय करायचं ते कर. त्यांना सांग, फक्त ट्वेंटी मिनिट्स पाहिजेत."

मी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "डन, काकू, डन."

तो रविवार आला. आरती झाली, अथर्वशीर्ष झालं. माझ्या हातातल्या कागदावर बारा वीस ते बारा चाळीस भाऊ होता, आणि एक वाजता जेवण. आईला मी नवी साडी नेसवली होती, कानातल्या मशीनला नव्या बॅटऱ्या घातल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत वाटेच्या कडेला तिची खुर्ची लावून चाकं लॉक केली होती.

मग भाषणं सुरू झाली. आमच्या लोकांना कलाकाराचा सत्कार करायचा म्हणजे कलाकार सोडून सगळ्यांनी बोलायचं. प्रायोजक असलेला घरं विकणारा बोलला, त्याने शाळांचं रेटिंग सांगितलं. माजी अध्यक्ष बोलले. दुसऱ्या राज्यातल्या हर्नडनहून खास आलेले एक पाहुणे बोलले की कॉलेजात मीही गिटार वाजवायचो, आणि पुरावा म्हणून एका जुन्या गाण्याच्या दोन ओळी गायले. अध्यक्षांनी 'मराठी माणूस अटकेपार' हा शब्दप्रयोग तीनदा केला. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो एडिसनमध्येच जन्मला होता आणि कारने पंचेचाळीस मिनिटांपलीकडे फारसा कधी गेला नव्हता.

मग त्याला फेटा बांधला. शाल घातली. नारळ दिला, तो त्याने डाव्या हातात घेतला. मग एकेक कुटुंब फोटोला वर आलं. त्याच्याकडून गाडी शिकलेल्या बायका आल्या आणि नवऱ्यांना म्हणाल्या, "मी तुला सांगितलं नव्हतं?" एकीनेही सांगितलं नव्हतं.

तो पहिली तार छेडायला उभा राहिला तेव्हा बारा बावन्न झाले होते.

पहिल्या ठोक्याला हॉलमधल्या निम्म्या लोकांनी कानावर हात ठेवले. साउंड सांभाळणारे काका घाईघाईने बटणं खाली करायला लागले, पण ह्याचा अँप त्यांच्या ताब्यात नव्हता. मी स्टेजच्या कडेला पडद्याशी उभी होते, त्याच्यापासून पाच हातांवर. फेटा तसाच डोक्यावर होता, हास्यास्पद दिसत होता. आणि मग मी त्याचा हात पाहिला. आजवर मी त्याचा संसार न झालेला पाहिला होता, त्याची जुनी गाडी पाहिली होती, त्याच्या सोडलेल्या संधी मोजल्या होत्या. हात नव्हता पाहिला. तो हात तारांवर पडायचा आणि उचलला जायचा, आणि त्या उचलण्याच्या रिकाम्या क्षणात सूर निघून गेलेला असायचा. तो कधी काढला ते कळायचं नाही. मला त्याचा राग आला, खरं सांगते. इतकं चांगलं येत होतं तर सांगायचं नाही का कोणाला?

आई खुर्चीत पुढे वाकली होती. तोंड किंचित उघडं होतं. लहान मूल आईस्क्रीमच्या गाडीकडे बघतं तशी ती बघत होती.

गाणं तीन मिनिटांत संपलं. टाळ्या पडल्या, पुढच्या रांगेतल्या जास्त. त्याने आईकडे बघून मान हलवली आणि दुसरं सुरू केलं. तेवढ्यात अध्यक्ष पडद्याशी आले.

"काकू, जेवणाचं अनाउन्स करा. पुऱ्या गार होतायत."

"त्याला वीस मिनिटं दिलीत ना तुम्ही?"

"अहो, वाजवू दे ना! बॅकग्राउंडला छान माहोल राहील. लाइन लागायला वेळ जातो. सीनियर्सना आधी पाठवा, नेहमीसारखं."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं आहेत, तीही मला येतात. पण वीस वर्षं माझ्या हाताला एक सवय लागलेली आहे. कागद आला की माइक वर जातो आणि आवाज गोड होतो. शिवाय एक वाजत आला होता आणि कागदावर एक वाजता जेवण होतं. मला वेळ पाळण्याचा मोठा अभिमान. मी माइक तोंडाशी नेला आणि माझ्या भावाच्या गाण्यावर बोलले, "भोजनाची व्यवस्था कॅफेटेरियात केलेली आहे. ज्येष्ठांनी आधी जेवून घ्यावं. आणि फायर लेनमध्ये उभी असलेली पांढरी व्हॅन कृपया हलवावी."

आमच्या मंडळाला शिस्त नाही असं कोण म्हणतं? व्हॅनचा मालक उठला. खुर्च्या वाजल्या. आणि फेटा बांधलेले एक स्वयंसेवक काका, साठीचे, अत्यंत सज्जन, आईच्या खुर्चीपाशी गेले, वाकून नमस्कार केला, आणि चाकाचं लॉक काढलं.

आईने चाक धरून ठेवलं. मी ते पाहिलं. काकांनी तिचा हात हळूच सोडवून मांडीवर ठेवला. त्यांचे ओठ दिसत होते: आजी, बोटं अडकतील हां. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि सगळ्यांच्या आधी, मानाने, तिला बाहेर घेऊन निघाले. आई मान मागे वळवून बघत होती, पण खुर्चीची पाठ उंच होती.

भाऊ थांबला नाही. लोक उठले की थांबायचं नाही, हे बारमध्ये पहिल्या दिवशी शिकतात. तो वाजवत वाजवत स्टेजच्या कडेला आला, त्या बाजूच्या दाराकडे, जिथून खुर्ची चालली होती. गिटारची वायर ताणली गेली. त्याच्या पुढे त्याला जाता येईना. तिथेच उभा राहून तो दाराकडे तोंड करून वाजवत राहिला. दार बंद झालं तेव्हा त्याने ते गाणं संपवलं आणि वायर काढली. त्याच्या वीस मिनिटांतली अजून बारा मिनिटं उरली होती. कोणी विचारलं नाही. एक ताई मात्र म्हणाली, "बरं झालं, शॉर्टमध्ये आटपलं."

मी कॅफेटेरियात गेले तर आई एकटी टेबलाशी होती. पुढ्यात पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. कशालाही हात लावलेला नव्हता.

"मला उठवायला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कमिटीने," मी म्हटलं.

"आवाज तुझ्यासारखा वाटला."

"माइकवर सगळ्यांचे आवाज सारखेच येतात, आई."

मागे भाऊ उभा होता. एका हातात अँप, खांद्यावर शाल. त्याने सगळं ऐकलं होतं. आईने त्याच्याकडे बघून विचारलं, "कोणी रे सांगितलं?"

तो म्हणाला, "इट्स ओके, आई. त्यांचा रूल आहे. सीनियर्स फर्स्ट." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेवून घे. पुरी कोल्ड होते."

तोपर्यंत स्टेजवर मुलांचा नाच सुरू झाला होता आणि ड्रमवाल्याने सामान गाडीत भरलं होतं. भाऊ जेवला नाही. फेटा त्याने काढून घडी न करता खुर्चीवर ठेवला, नारळ आईच्या मांडीवर ठेवला आणि गेला.

ऑपरेशनला तीन आठवडे होते. माझ्या घरात दिवाणखाना आहे, गिटार लावायला प्लग आहे, आई आहे. मी बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर मी काय केलं ते उघड बोलावं लागलं असतं. तो आला नाही, कारण बाबांनी नको म्हटलेल्या घरात तो वाजवणार नव्हता. एक भेकड आणि एक हट्टी. आईबापांनी काय मुलं काढली!

ऑपरेशन चांगलं झालं, असं सर्जनने सांगितलं. त्याचा अंगठा आता दुखत नाही. कप धरतो, किल्ली फिरवतो, स्टिअरिंग धरतो. तारांवर पडतो, पण वेळेवर उचलला जात नाही. रविवारी बारमध्ये आता दुसरंच कोणी वाजवतं, अर्थात ह्याच्यासारखंच. मंडळाच्या वेबसाइटवर त्याचा फेट्यातला फोटो आहे, 'आपले भूषण' ह्या सदरात.

तो नारळ आईने फोडू दिला नाही. तिच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलाय, आतलं पाणी केव्हाच सुकलं असणार. घरी कोणी आलं की ती त्यांना तो दाखवते आणि मुलाचं कौतुक सांगते. "मी त्याला वाजवताना बघितलं," म्हणते. "एक गाणं अख्खं बघितलं. दुसरं जेवणामुळे राहिलं."

जेवणामुळे, असंच म्हणते. पण म्हणताना पाहुण्यांकडे बघत नाही, माझ्याकडे बघते.